श्रमदानाचा कस: हवामानबदलाशी लढताना कोणतं संवर्धनकाम खरंच उपयोगी पडतं

निसर्गसंवर्धनाच्या स्वयंसेवी उपक्रमांची जाहिरात बहुतेक वेळा एकाच ओळीत उरकते: या, रोप लावा, हवामानबदल रोखा. प्रत्यक्षात या नावाखाली फार वेगवेगळी कामं चालतात आणि हवामानाच्या हिशेबात ती सारख्या मोलाची नाहीत. काही कामांत दहाजणांच्या एका दिवसाच्या मेहनतीने जमिनीतला कार्बन पुढची अनेक वर्षं जागेवर राहतो. काहींत तेवढीच मेहनत पहिल्या उन्हाळ्यात वाळून जाते. म्हणून हे परीक्षण कामागणिक केलं आहे. कुठल्याही संस्थेच्या माहितीपत्रकाला तेच निकष लावून पाहता येतील.

निकष दोन. साठलेला कार्बन बाहेर पडू न देणाऱ्या कामाला वरचं स्थान, कारण जळालेलं जंगल किंवा सुकलेली दलदल भरून यायला दशकं, कधी शतकं लागतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक तज्ज्ञमंडळाच्या २०२२ च्या अहवालातही जमिनीशी निगडित उपायांमध्ये उष्ण कटिबंधातली जंगलतोड थांबवण्याला सर्वांत जास्त वाव असल्याचं म्हटलं आहे. दुसरा निकष: केलेल्या कामाकडे कोणी परत येतं का. कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या तारखा नसतील, तर पहिल्या वर्षाचा फोटो कितीही देखणा असो, गुण कापले आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच. खनिज इंधनांतून दरवर्षी ३७ अब्ज टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. श्रमदान त्याची भरपाई करू शकत नाही आणि तसा दावा करणाऱ्या उपक्रमापासून लांब राहावं. पण नीट निवडलेलं काम जमिनीतून होणारी गळती थांबवतं आणि ती गळती लहान नाही.

एका दिवसाची वृक्षलागवड

सर्वांत लोकप्रिय काम हेच आणि आमच्या मते सर्वांत कमी गुण यालाच. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी तुर्कस्तानात एका दिवसात १ कोटी १० लाख रोपं लावल्याचं जाहीर झालं. काही महिन्यांनी तिथल्या वनकर्मचाऱ्यांच्या संघटनेने पाहिलेल्या जागांवर ९० टक्क्यांपर्यंत रोपं मेल्याचं सांगितलं. चुकीचा हंगाम, पाण्याची कमतरता आणि अननुभवी हात ही कारणं दिली. सरकारने हा दावा फेटाळला. जगलेली रोपं कुठे, कशी आणि कोणासमोर मोजणार हे लागवडीआधीच जाहीर करावं, ते अशा वादांमुळेच.

लावणीच्या दिवशी हवामानाला झालेला फायदा शून्य धरावा. लाकडाच्या कोरड्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजायचं तर त्याला ३.६७ ने गुणायचं. वीतभर रोपाचं कोरडं वजन काही ग्रॅम भरतं. वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने १० ते २५ किलो कार्बन डायऑक्साइड घेतं, पण तिथवर पोहोचायला त्याला जगावं लागतं. सगळा प्रश्न त्या मधल्या वर्षांचा आहे.

चांगली लागवड ओळखणं अवघड नाही. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद, पण गड्ड्याइतकाच खोल. जास्त खोल खणून मऊ माती भरली की पुढे ती बसते, रोप खाली जातं आणि बुंध्याभोवती पाणी साचून साल कुजते. मूळ आणि खोड जिथे मिळतात तो किंचित फुगीर भाग जमिनीच्या पातळीवर यायला हवा. पिशवी पूर्ण काढायची. ‘आपोआप कुजेल’ म्हणून ठेवलेली पिशवी मुळांना आतच कोंडते. पिशवीत गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करायची, जाड झाली असतील तर कापायची, नाहीतर काही वर्षांनी तीच खोडाला आवळतात. अरुंद खड्ड्यात मूळ वर वळून बसलं तर रोप दोन वर्षं तग धरून तिसऱ्या उन्हाळ्यात मान टाकतं. दोष लावणीचा असतो, खापर दुष्काळावर फुटतं. माती टाचेने दाबून झाली की एक पान चिमटीत धरून हलकं ओढून पाहावं. पान तुटलं तर रोप घट्ट बसलं आहे. रोपच वर आलं तर मुळांभोवती पोकळी आहे.

मग आच्छादन: मीटरभर व्यासाच्या गोलात पाच ते आठ सेंटिमीटर पालापाचोळा किंवा लाकडाचा भुगा, खोडापासून चार बोटं लांब. ढीग करून खोडाला टेकवलेलं आच्छादन साल कुजवतं आणि उंदरांना आसरा देतं. हा गोल दोन-तीन वर्षं तणमुक्त ठेवणं हेच खरं काम, कारण रोपाचं पाणी गवत आधी पितं. एखादा उपक्रम लागवडीला पाचशे माणसं आणि निंदणीला कोणीच बोलावत नसेल, तर त्याचा कस तिथेच कळतो. प्लास्टिकच्या संरक्षक नळ्या वापरल्या असतील तर त्या कधी आणि कोण काढणार हेही विचारावं. न काढलेल्या नळ्या उन्हाने ठिसूळ होऊन त्यांचे तुकडे मातीत मिसळतात.

मूळ गवताळ प्रदेशात आणि दलदलीत तर झाडं लावूच नयेत. गवताळ जमिनीचा बहुतेक कार्बन मुळांत आणि मातीत, आगीच्या आवाक्याबाहेर असतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या फ्लो कंट्री या विशाल दलदलीत १९८० च्या दशकात करसवलतींच्या आधाराने चर खणून सूचिपर्णी झाडं लावली गेली. पुढे ती झाडं तोडून तेच चर बुजवण्याचं काम हाती घ्यावं लागलं. २०२४ मध्ये या भागाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, तो तिथल्या ओल्या दलदलीसाठी.

उजाड झालेल्या जंगलजमिनीत मुळं आणि बी अजून जिवंत असेल, तर लागवडीपेक्षा नैसर्गिक पुनरुज्जीवनाला हातभार लावणं स्वस्त आणि जास्त भरवशाचं. आपोआप उगवलेली रोपं शोधायची, शेजारी काठी रोवायची, भोवतीचं अर्धा ते एक मीटर गवत काढायचं. उंच गवत कापलं की ते जोमाने पुन्हा फुटतं, म्हणून फिलिपिन्समध्ये ते दाबून आडवं करण्याची पद्धत वापरतात: दोरी बांधलेली लाकडी फळी गवतावर ठेवून तिच्यावर शरीराचा भार देत पुढे जायचं. मोडून आडवं झालेलं गवत खालच्या नव्या फुटव्यांवर सावली धरतं आणि आगीचा वेगही कमी करतं. वर्षातून दोन-तीन वेळा हे करायचं. या कामाचे फोटो फारसे चांगले येत नाहीत. गुण मात्र लागवडीच्या दुप्पट.

दलदलीतले चर बुजवणं

संधी असेल तर आधी हे निवडा. पीट म्हणजे पाण्याखाली प्राणवायू न मिळाल्याने अर्धवट कुजून साठत गेलेल्या वनस्पतींचा थर. तो वर्षाला साधारण एक मिलिमीटरने वाढतो. पीटच्या दलदलींनी जगातली जेमतेम ३ टक्के जमीन व्यापली आहे, पण सगळ्या जंगलांच्या लाकूडपाल्यात मिळून आहे त्याहून जास्त कार्बन तिच्यात आहे. चर खणून पाणी काढलं की हवा आत शिरते आणि कुजणं सुरू होतं. समशीतोष्ण प्रदेशात शेतीसाठी कोरडी केलेली अशी जमीन हेक्टरी दरसाल ३० टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. ही गळती पाणी वर आणल्याबरोबर कमी होऊ लागते. झाड मोठं होण्याची वाट पाहावी लागत नाही.

काम साधं दिसतं, पण मोजूनमापून करावं लागतं. चरात ठरावीक अंतरावर बांध घालायचे. खालच्या बांधामागे तुंबलेलं पाणी वरच्या बांधाच्या पायाला टेकेल, असं अंतर हवं. दोन बांधांच्या माथ्यांत २० ते ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतार नको. उतार तीव्र तर बांध जवळजवळ. ही पातळी पाण्याच्या नळीने किंवा लेव्हलने घ्यायची. नजरेने घेतलेला अंदाज इथे हमखास चुकतो आणि मग दोन बांधांमधला पट्टा कोरडाच राहतो.

पीटचाच बांध करायचा असेल तर वरचा हिरवा थर चौकोनी तुकड्यांत काढून बाजूला ठेवतात. खालची काळी, ओली, मुठीत दाबली की बोटांमधून लोण्यासारखी बाहेर येणारी पीट घेतात. वरची तंतुमय, सुकलेली पीट घातली तर पाणी तिच्यातून झिरपतं आणि पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटतो. बांध चराच्या दोन्ही भिंतींत आणि तळात खाच पाडून बसवायचा, नुसता मधोमध ओतायचा नाही. नाहीतर पाणी बगलेने वाट काढतं आणि चर आणखी रुंद होतो. माथा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवायचा, कारण तो खचतो. शेवटी हिरवे तुकडे वर बसवून पायाने दाबायचे. उघडी पीट सुकून भेगाळते. रुंद चरात लाकडी फळ्या किंवा एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या पाट्या ठोकतात. त्या जितक्या वर दिसतात त्याच्या निदान दुप्पट जमिनीत जायला हव्यात.

नंतर मोजणी. छिद्रं पाडलेला पाइप जमिनीत उभा रोवून दर महिन्याला त्यातली पाण्याची खोली नोंदवतात. पाणी पृष्ठभागाखाली १० सेंटिमीटरच्या आत राहिलं तर काम जमलं. खूप वर येऊन उघडं तळं झालं तर तेही बरोबर नाही, कारण मिथेन वाढतो. पुन्हा ओली केलेली दलदल सुरुवातीला जास्त मिथेन सोडते, हा आक्षेप खराच आहे. पण मिथेन हवेत दशकभरच टिकतो, तर कार्बन डायऑक्साइड साठत जातो, त्यामुळे ओलं करण्याला उशीर करणंच जास्त महागात पडतं. पाणी स्थिरावल्यावर स्फॅग्नम शेवाळाचे पुंजके ओलसर खोलगट जागी बोटभर खोल खोचायचे. हे काम लहान गटाला सहज जमतं; गमबूट आणि कपड्यांचा सुका जोड मात्र हवाच.

वजा गुण कुठे? जवळपास दलदल नसेल तर हे काम मिळतच नाही. शिवाय ओल्या जमिनीवर दहाजण एकाच वाटेने येत-जात राहिले की तिथेच नवा चर तयार होतो. फळ्या अंथरून चालायला लावणारा गटप्रमुख काम जाणतो असं समजावं.

कांदळवन: जागा बरोबर तर पहिला नंबर, नाहीतर शेवटचा

हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या कांदळवनांत हेक्टरी सरासरी १,००० टनांच्या घरात कार्बन आढळला आहे, त्यातला बहुतेक चिखलात. इतक्या मोलाच्या जंगलाची लागवड इतक्या वेळा फसावी, हे मनाला लागतं. फिलिपिन्समध्ये अनेक दशकांच्या लागवडीत दीर्घकाळ जगलेल्या रोपांचं प्रमाण १० ते २० टक्केच निघालं. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर लावलेल्या २३ जागा तपासल्या, तेव्हा ९ जागांवर एकही रोप जिवंत नव्हतं.

कारण जवळजवळ नेहमी एकच: उंची. कांदळ भरती-ओहोटीच्या वरच्या अर्ध्या पट्ट्यात, साधारण समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर वाढतो. पण ती जमीन बहुधा कोणाच्या तरी मालकीची, तळ्यांखाली किंवा बांधकामाखाली असते. मग मोहिमा खालच्या उघड्या चिखलाकडे वळतात, कारण तिथे कोणाची हरकत नसते. तिथे रोप दिवसाचा फार मोठा भाग पाण्यात बुडतं. खोडावर बारनॅकल या चिकटून राहणाऱ्या समुद्री जीवांचे पांढरे टणक कवच-पुंजके चढलेले दिसले की जागा चुकली हे नक्की. त्या वजनाने रोप वाकतं आणि लाटेबरोबर जातं. त्याच चिखलात समुद्री गवत असेल तर एक कार्बनसाठा मारून दुसरा उभारण्याचा प्रयत्न होतो आणि दोन्ही हातचे जातात.

योग्य क्रम अमेरिकी परिसंस्थातज्ज्ञ रॉबिन लुईस यांनी मांडला. इथे कांदळ आपोआप का उगवत नाही, हा प्रश्न आधी; भरतीचं पाणी पुन्हा आत आणणं त्यानंतर; आणि बीजच पोहोचत नसेल तरच लागवड. म्हणून चांगल्या उपक्रमात स्वयंसेवकांच्या हातात रोपापेक्षा फावडं जास्त वेळ असतं. सोडून दिलेल्या कोळंबीतळ्यांचे बांध जुन्या खाडीच्या तोंडापाशी फोडायचे, गाळाने भरलेले चर मोकळे करायचे, रोपांना गुंडाळणारी जाळी आणि प्लास्टिक काढायचं. शेजारच्या निरोगी कांदळवनाची उंची मोजून तीच आपल्या जागेवर आहे का हे ताडून न पाहता रोपं वाटणाऱ्या मोहिमेला नकार देणं हीच सेवा.

समुद्री गवत

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या किनारी उपसागरांतलं काम या प्रकारातला नमुना मानावा. १९३० च्या दशकात रोग आणि चक्रीवादळ यांनी तिथलं ईलग्रास हे समुद्री गवत नाहीसं झालं होतं. दोन दशकांत ७ कोटींहून जास्त बिया सुमारे २०० हेक्टरांवर पेरल्या आणि गवत स्वतः पसरत ३,६०० हेक्टरांपर्यंत गेलं. स्वयंसेवक वसंतात स्नॉर्कल लावून बिया धरलेले देठ हाताने खुडतात, ते समुद्राचं पाणी खेळतं ठेवलेल्या टाक्यांत बी सुटेपर्यंत ठेवतात आणि पेरणी शरदात होते. पाणी गढूळ असेल तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. प्रकाश तळापर्यंत पोहोचतो का, हे आधी पाहावं. पोहता येणाऱ्यांसाठी उत्तम काम.

घाणेरी काढणं

आक्रमक झुडपं काढण्याला हवामानाचं काम क्वचितच म्हटलं जातं, पण घाणेरीने भरलेल्या जंगलात खाली झाडांची रोपं येत नाहीत आणि वाळलेली घाणेरी आग जमिनीवरून फांद्यांपर्यंत चढवते. वरून छाटणं किंवा जाळणं व्यर्थ: बुंध्यापासून पुन्हा फुटवे येतात, पहिल्यापेक्षा दाट. परिणामकारक पद्धतीत जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, फुटवे फुटणाऱ्या भागाच्या खाली मुख्य मूळ तोडतात, झुडूप उपटून उलटं, मुळं आकाशाकडे करून ठेवतात, म्हणजे फांद्या मातीला टेकून रुजत नाहीत. एक जण लांब दांड्याने झुडूप उचलून धरतो, दुसरा खाली वाकून मुळावर घाव घालतो. घावाच्या रेषेत कोणाचा पाय नको आणि जाड हातमोजे आवश्यक. फळं पिकण्याआधी हे उरकावं. पक्षी बसतात त्या झाडांखाली पहिल्या पावसानंतर उगवलेली रोपटी उपटायला पुन्हा यावं, किमान दोन-तीन वर्षं. मोकळ्या जागी लगेच स्थानिक गवताचं बी टाकलं नाही, तर तिथे दुसरं तण बसतं.

पैसे भरून दूरदेशी स्वयंसेवा

लांब पल्ल्याच्या विमानाच्या एका येण्या-जाण्यात माणशी दीड ते तीन टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. ते भरून यायला शंभरेक वाढलेल्या झाडांना वर्षभर काम करावं लागेल. दोन आठवड्यांच्या अकुशल मेहनतीसाठी हा व्यवहार बसत नाही. पाणमोजणी, नकाशे किंवा डायव्हिंग असं तिथे न मिळणारं कौशल्य असेल आणि मुक्काम काही महिन्यांचा असेल तरच विचार करावा. भरलेल्या रकमेतला किती भाग स्थानिक कामगारांच्या मजुरीला जातो, हे आकड्यात सांगण्याचं टाळणाऱ्या संस्थेला आम्ही गुण दिलेले नाहीत.

नोंदी ठेवणं

गुडघे दुखत असोत, वेळ संध्याकाळचाच असो, हे काम प्रत्येकाला जमतं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रेनफॉल रेस्क्यू’ प्रकल्पात १६,००० हून अधिक स्वयंसेवकांनी घरबसल्या पावसाच्या जुन्या हस्तलिखित नोंदी संगणकात उतरवल्या. ६५,००० च्या आसपास पानं १६ दिवसांत संपली. हवामानाच्या दीर्घ इतिहासाचा आधार असल्या नोंदींवरच उभा राहतो.

प्रत्यक्ष जागेवरच्या नोंदींत चूक होते ती बहुधा एकाच ठिकाणी: दिसलं ते लिहिलं जातं, न दिसलेलं लिहिलं जात नाही. झाडाला पालवी कधी फुटते हे नोंदवायचं तर तेच झाड, दर आठवड्याला त्याच वारी, आणि पालवी नसेल तर ‘नाही’ अशी स्पष्ट नोंद. लागवडीच्या जागेवर खुणेचे ठरावीक चौकोन आखून पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी जगलेली आणि मेलेली, दोन्ही रोपं मोजायची. फोटो त्याच खुंटावरून, त्याच दिशेने. कागदावर पेन्सिलने लिहावं, पावसात शाई फुटते. आणि ती वही एका माणसाच्या घरी न राहता महिन्याच्या महिन्याला स्कॅन होऊन सर्वांना दिसेल, अशी सोय उपक्रमात आहे का, हे नाव नोंदवतानाच विचारून घ्यावं.